चार धुरे मोजले म्हणजे वावर मोजलं का?

पारावर बसलेला कोणीही हा हिशोब सांगेल. वावराच्या समोरासमोरच्या दोन धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, लांबी मिळवायची आणि निम्मी करायची. उरलेल्या दोन धुऱ्यांचंही तसंच. आलेले दोन आकडे एकमेकांनी गुणायचे, १०८९ ने भागायचं, की गुंठे हातात. १०८९ का, तर गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. असे चाळीस झाले की एकर. हिशोब सोपा आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि वावराचे चारही कोपरे काटकोनात असतील ती वेळ सोडली तर चुकीचा आहे. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. वावर आहे त्याहून मोठंच दिसतं, दरवेळी. विकणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी चूक आहे ती, म्हणूनच बहुधा टिकली असावी.

मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत गणिताचा तास जिवंत करायला एवढा एक हिशोब पुरतो. गणिताची गोडी लावायची म्हणून आपण गाणी म्हणतो, रंगीत तक्ते लावतो, टीव्हीवर व्हिडिओ दाखवतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याने लेकरू गाण्यात रमतं, गणितात रमेलच असं नाही. गणितात रमायला ज्याच्या उत्तरावर पैज लावता येईल असा प्रश्न लागतो. आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. मग मोजायचं. अंदाज आणि मोजणी जुळली नाही की भांडायचं. आणि भांडण मिटवायला ‘असं का’ हे कागदावर पटवून द्यायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. सूत्र आधी फळ्यावर आलं की पैज संपते, आणि पुढची सगळी मोजणी म्हणजे सरांच्या उत्तरापर्यंत पोचण्याची कसरत होते.

लग्नपत्रिकेच्या चार पट्ट्या

सुरुवात वर्गातच करावी. जाड लग्नपत्रिका किंवा वहीचा पुठ्ठा कापून चार पट्ट्या करायच्या. त्यांची लांबी १२, ८, १० आणि ९ सेंटीमीटर हवी. मात्र ही लांबी भोकापासून भोकापर्यंतची. म्हणजे पट्टी कापताना प्रत्येकी २ सेंटीमीटर जास्त कापायची आणि दोन्ही टोकांपासून १ सेंटीमीटर आत दाभणाने भोक पाडायचं. इथे सगळ्यांत जास्त गट चुकतात: टोकापासून टोकापर्यंत १२ मोजतात, भोकं आत पाडतात, आणि चौकट १०, ६, ८, ७ ची होते. भोकातून जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारली की सांधा तयार. गाठ भोकापेक्षा मोठी हवी आणि सांधा सहज फिरला पाहिजे. पट्ट्या १२, ८, १०, ९ याच क्रमाने जोडायच्या, म्हणजे १२ समोर १० आणि ८ समोर ९ येते.

आता प्रश्न. चारी पट्ट्या त्याच आहेत. चौकट इकडे-तिकडे ढकलली तर आतली जागा तेवढीच राहील का? बहुतेक लेकरं ‘तेवढीच’ असं लिहितात. मोठ्या माणसांना विचारलं तर तीही बऱ्याचदा तेच म्हणतात, कारण बाजू त्याच तर जागाही तीच, हे मनाला पटतं. लिहून झाल्याशिवाय कोणाला चौकटीला हात लावू देऊ नये.

मोजायला सोयाबीन घ्यावं. १२ आणि ९ च्या पट्ट्या जिथे मिळतात तो कोपरा आणि ८ व १० च्या पट्ट्या जिथे मिळतात तो कोपरा, या दोन कोपऱ्यांमधलं अंतर म्हणजे एक कर्ण. एकदा तो ११ सेंटीमीटर ठेवायचा, एकदा १४, एकदा १७. प्रत्येक वेळी चारही भोकांतून पेन्सिलीने कागदावर ठिपके द्यायचे, चौकट उचलायची आणि ठिपके पट्टीने जोडायचे. त्या रेघांच्या आत सोयाबीनचा एकच थर, दाण्याला दाणा टेकवून. चौकट न उचलता तिच्यातच दाणे भरले तर हिशोब बिघडतो, कारण पट्टीची रुंदी जागा खाते. पट्टी २ सेंटीमीटर रुंद असेल तर नव्वद-पंचाण्णव चौरस सेंटीमीटरपैकी पस्तीसेक तिच्याखालीच जातात.

किती दाणे बसतील हे वाणावर अवलंबून आहे, म्हणून आकडा महत्त्वाचा नाही, प्रमाण महत्त्वाचं. कर्ण १४ असताना समजा २०० दाणे बसले, तर ११ ला साधारण १८४ आणि १७ ला १७१ बसायला हवेत. पाच-सात दाणे इकडे-तिकडे होतीलच, कडेला अर्धा दाणा आत आणि अर्धा बाहेर असतो. तो धरायचा की सोडायचा, हा नियम गटाने मोजणीच्या आधी ठरवावा. नंतर ठरवला तर प्रत्येक जण आपली पैज जिंकवणारा नियम लावतो. दाण्यांवर दाणे चढले तर सगळंच वाया. सोयाबीन नको असेल तर चौकटीच्या वहीचं पान चालेल: अर्ध्याहून जास्त आत असलेला चौकोन एक धरायचा, कमी असेल तर सोडायचा.

यानंतर पाचवी पट्टी कर्णाच्या जागी बांधायला सांगावं. चौकट एकदम घट्ट होते, हलता हलत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. वावराच्या लोखंडी गेटला तिरपी पट्टी का असते आणि जुनी बाज तिरकी का होते, ही दोन उत्तरं लेकरं स्वतःच देतात. ती सांगू नयेत. थांबावं.

मैदानावर

तीच चौकट आता फुटांत: १२, ८, १० आणि ९ फूट. चार खुंट्या, टेप, दोरी आणि चार-पाच जणांचा गट एवढं लागतं. दोन जण टेप धरतील, एक जण आकडा वाचेल, एक लिहील, एक खुंटी ठोकेल. आधी कर्ण पक्का करायचा: १४ फुटांवर दोन खुंट्या. पहिल्या खुंटीपासून १२ फूट आणि दुसरीपासून ८ फूट अशा दोन दोऱ्या ताणल्या की जिथे मिळतील तिथे तिसरी खुंटी. दुसऱ्या अंगाला ९ फूट आणि १० फूट ताणून चौथी. चौकोन उभा राहिला.

क्षेत्रफळासाठी कर्णाला पाया मानायचं आणि बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांपासून त्याच्यावर लंब टाकायचे. दोन्ही लंबांची बेरीज गुणिले कर्ण, भागिले दोन. सरकारी मोजणीच्या जुन्या शंकू-साखळी पद्धतीतही मुळात हेच होतं: एक सरळ रेघ धरायची आणि कोपऱ्यांची तिच्यापासूनची काटकोनातली अंतरं टिपायची. ईटीएस आणि रोव्हर ही मोजणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं नंतर आली.

लंब घ्यायच्या दोन रीती आहेत. एक गवंड्याची: ३ फूट, ४ फूट आणि ५ फूट अशा बाजूंचा दोरीचा त्रिकोण केला की ३ आणि ४ मधला कोन काटकोन. पाया आखताना मिस्त्री हेच करतात, आणि कंपासपेटीतला गुण्या म्हणजे त्याचंच प्लास्टिकचं रूप. दुसरी रीत सोपी आणि जास्त शिकवणारी आहे. टेपचं शून्याचं टोक कोपऱ्यातल्या खुंटीवर धरायचं आणि टेप कर्णाच्या दोरीवरून हळूहळू सरकवत न्यायचा. आकडा कमी होत जातो, एका जागी सगळ्यांत कमी होतो आणि पुन्हा वाढू लागतो. तो सगळ्यांत कमी आकडा म्हणजे लंब. ‘लंब म्हणजे सर्वांत कमी अंतर’ ही पुस्तकातली ओळ इथे डोळ्यांसमोर घडते. नुसत्या नजरेने काटकोन धरला आणि लंबाचा पाय दोन फूट बाजूला पडला, तर सात फुटांच्या आसपासच्या लंबात तीन-साडेतीन इंच जास्त येतात.

नीट मोजलं तर लंब ६ फूट १० इंच आणि ६ फूट ५ इंच येतात. बेरीज १३ फूट ३ इंच, म्हणजे १३.२५. गुणिले १४, भागिले २: ९२.७५ चौरस फूट.

इथे तीन ठिकाणी गाडी घसरते. पहिली आणि सगळ्यांत महागडी चूक म्हणजे ६ फूट १० इंच हे ६.१० असं लिहिणं. इंच बाराच्या हिशोबात चालतात आणि दशांश दहाच्या. ६.१० आणि ६.५ मिळवले की १२.६ येतात, गुणिले ७ म्हणजे ८८.२. साडेचार चौरस फूट हवेत गेले. ही चूक आठवीतलं लेकरूही करतं आणि घराच्या फरशीचा हिशोब करणारा मोठा माणूसही. ती खोडून काढण्यापेक्षा ८८.२ फळ्यावर लिहून ठेवावं आणि ‘हा गट बाकीच्यांपेक्षा एवढा खाली का’ हे वर्गाला शोधू द्यावं.

दुसरी चूक कानाची. वाचणारा ‘त्रेपन्न’ म्हणतो, लिहिणाऱ्याच्या कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास, आणि तो ३५ लिहून मोकळा होतो. आपली संख्यानावं एकक आधी बोलतात आणि आकडे दशक आधी लिहितात, त्याचा हा परिणाम. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असंही वाचन आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. मैदानावर उपाय साधा: वाचणाऱ्याने ‘त्रेपन्न, पाच-तीन’ असं दोन्ही म्हणायचं.

तिसरी चूक दोरीची. सुतळी ताणली की लांबते, ओली झाली की आखडते. दोरी फक्त सरळ रेघ दाखवायला वापरावी, लांबी टेपनेच मोजावी. टेपचं पुढचं टोक झिजलेलं किंवा तुटलेलं असेल तर १ फुटाच्या खुणेपासून मोजून शेवटी १ फूट वजा करावा. वजा करायला विसरलेला गट आपोआप सापडतो, कारण त्याचे सगळे आकडे बरोब्बर एका फुटाने जास्त असतात.

पाच गटांची पाच उत्तरं आली की सरासरी काढायची घाई करू नये. उत्तरं चढत्या क्रमाने लावून मधलं घ्यावं. एकाच गटाने घोळ घातला असेल तर सरासरी त्या घोळाकडे ओढली जाते, मधलं उत्तर मात्र जागचं हलत नाही. मध्यक कशाला शिकायचा, याचं उत्तर इथे मिळून जातं.

आता तोच खेळ कर्ण ११ फूट आणि १७ फूट ठेवून. ११ ला साधारण ८५.२ चौरस फूट येतात आणि १७ ला ७९.५. वरच्या वर्गांना लंब न टाकता तीन बाजूंवरून हिरोच्या सूत्राने पडताळा घेता येईल. वर्गमुळासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर खुशाल वापरू द्यावा. आणि पारावरचा हिशोब? १२ आणि १० ची निम्मी बेरीज ११, ८ आणि ९ ची साडेआठ, गुणाकार ९३.५. कर्ण कितीही असो, ९३.५ च.

मापं दहापट केली की हे खरंखुरं वावर होतं: १२०, ८०, १०० आणि ९० फुटांचे धुरे. बाजू दहापट झाल्या तर क्षेत्रफळ किती पट, यावरही पैज लावून घ्यावी. दहापट म्हणणारे बरेच निघतील. ते शंभरपट होतं. पारावरच्या हिशोबाने वावर ९३५० चौरस फूट, म्हणजे ८.५९ गुंठे. पण कर्ण १७० फूट निघाला तर खरं क्षेत्र ७९५२ चौरस फूट, म्हणजे ७.३० गुंठे. सव्वा गुंठ्याहून जास्त जमीन कागदावर आहे आणि धुऱ्याच्या आत नाही. या चार धुऱ्यांमध्ये जास्तीत जास्त किती जागा बसू शकते तेही काढता येतं. चारही कोपरे एकाच वर्तुळावर आले की ती सर्वांत जास्त होते, आणि ती आहे साधारण ९२७५.५ चौरस फूट. ९३५० हा आकडा या धुऱ्यांच्या कुठल्याच वावरात बसत नाही.

नेहमी जास्तच का येतं?

हा भाग टाळून पुढे जाण्याचा मोह होतो. टाळू नये, कारण आतापर्यंत नुसती मोजणी झाली. गणित इथून सुरू होतं. तीन आकारांत जास्त आलं, चौथ्यात कमी येणार नाही कशावरून?

बाजूंना क्रमाने क, ख, ग, घ म्हणू. चौकोन एका कर्णाने कापला. एका तुकड्यात क आणि ख या बाजू आल्या, दुसऱ्यात ग आणि घ. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीच्या निम्मं. पाया क धरला तर उंची ख पेक्षा जास्त होऊ शकत नाही. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा: दहा फुटांची शिडी दहा फुटांच्या वर पोचत नाही, तिरकी केली तर आणखी खाली येते. म्हणून पहिल्या तुकड्याचं क्षेत्रफळ फार तर क×ख च्या निम्मं आणि दुसऱ्याचं फार तर ग×घ च्या निम्मं.

तोच चौकोन आता दुसऱ्या कर्णाने कापला. एका तुकड्यात ख आणि ग, दुसऱ्यात घ आणि क. पुन्हा तसंच: फार तर ख×ग च्या निम्मं आणि घ×क च्या निम्मं.

दोन्ही वेळचं मिळवलं. डाव्या हाताला चौकोनाचं क्षेत्रफळ दोनदा आलं. उजव्या हाताला कख + गघ + खग + घक या बेरजेचं निम्मं. ही बेरीज म्हणजे दुसरं काही नसून (क + ग) × (ख + घ). म्हणजे दुप्पट क्षेत्रफळ फार तर या गुणाकाराच्या निम्मं, आणि एकपट क्षेत्रफळ फार तर त्याचा चौथा हिस्सा. समोरासमोरच्या बाजूंच्या निम्म्या बेरजांचा गुणाकार तोच तर आहे! पारावरचा हिशोब म्हणजे कमाल मर्यादा. बरोबरी कधी होईल, तर चारही शिड्या सरळ उभ्या असतील तेव्हाच, म्हणजे चारही कोन काटकोन असतील तेव्हा. आठवी-नववीच्या लेकरांना यातलं काहीही नवीन नाही: त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि कंसांचा गुणाकार. फक्त या दोन गोष्टी एकत्र येऊन काही कामाचं सांगतात, हे बहुधा ती पहिल्यांदा बघत असतात.

वाद जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये हा निम्म्या बेरजांचा हिशोब दिला, पण स्थूल म्हणून. शेजारीच चार बाजूंवरून वर्गमुळाने काढायचं सूक्ष्म सूत्र दिलं. ते चारही कोपरे वर्तुळावर असतील तेव्हाच खरं ठरतं. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत स्पष्टच बजावलं: चौकोनाचा कर्ण किंवा लंब न सांगता जो नेमकं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो त्याचं उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच. पैज हरलेल्या लेकरांना ही गोष्ट जरूर सांगावी. चूक करणारे आपण एकटे नाही, हे कळलं की भांडायला जोर येतो.

पासष्ट मिलिमीटर

पावसाळ्यात मैदान मिळत नाही. पण मग पाऊस मिळतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे घरोघर माहीत असतं. नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. पण पाऊस लांबीत का मोजतात, लिटरमध्ये का नाही?

इथली पैज अशी. सरळ उभ्या भिंतींची दोन भांडी उघड्यावर ठेवली, एक परात­एवढ्या तोंडाचं आणि एक पेल्याएवढ्या तोंडाचं. कोणात जास्त मिलिमीटर पाणी साचेल? मोठ्या भांड्यात लिटर जास्त येतात, उंची मात्र दोन्हींत सारखीच. तोंड मोठं तसा तळही मोठा. घागर ठेवली तर उंची कमी भरते, कारण तोंड अरुंद आणि पोट मोठं. म्हणून पाऊस मोजायला तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचं भांडं हवं. प्लास्टिकची बाटली वापरायची तर वरचं नरसाळं कापून उलटं आत बसवायचं, आणि तळाचे खाचखळगे पाण्याने भरून त्या पातळीला शून्याची खूण करायची. शून्य तळाला धरलं तर पहिले काही मिलिमीटर खड्ड्यांतच जिरतात.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० × १०० × ०.१ घन सेंटीमीटर, अर्थात १००० घन सेंटीमीटर, म्हणजे बरोब्बर १ लिटर. एवढं हाताशी असलं की पुढचं सगळं गुणाकारावर. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. ६५ मिलिमीटर पावसात त्यावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. २० फूट बाय २५ फूट वर्गखोलीच्या पत्र्यावर पडतं सुमारे ३००० लिटर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी म्हणजे २५ लाख लिटर. तेवढं पाणी ६५ मिलिमीटरच्या एका पावसात किती जमिनीवर पडतं? आधी अंदाज लिहून घ्यावेत. उत्तर साडेनऊ एकर आहे. पडलेलं सगळं पाणी हाती लागत नाही, वाहतं, मुरतं, वाफ होऊन जातं, हे लेकरं लगेच म्हणतील. किती वाहतं आणि किती मुरतं हा पुढचा प्रश्न त्यांनीच काढलेला असतो.

खोलीतला एक खेळ, आणि आजीचे पाढे

कापरेकरांचा ६१७४ बहुतेक शिक्षकांना माहीत असतो: देवळालीच्या या शाळामास्तरांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवलेली संख्या, चार अंकांवर पुढे दिलेला वजाबाकीचा खेळ केला की जिथे थांबतो ती. पण वर्गात चार अंकांऐवजी तीन अंक घ्यावेत. सगळे सारखे नसतील असे तीन अंक, त्यांची मोठ्यात मोठी संख्या वजा लहानात लहान, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. नेहमी ४९५ वर येऊन थांबतं. चार अंकांत नुसतं आश्चर्य वाटतं. तीन अंकांत कारणही हाती लागतं. मोठी संख्या वजा उलटी संख्या म्हणजे नेहमी पहिल्या आणि शेवटच्या अंकांच्या फरकाची ९९ पट. फरक १ ते ९ मधलाच, म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर नऊच संख्या शक्य: ०९९, १९८, २९७ अशा ८९१ पर्यंत. त्या नऊही तपासल्या की सिद्धता पूर्ण, एका तासिकेत, कुठलंही लेकरू मागे न राहता. फसण्याची जागा एकच: ९९ आले की ०९९ लिहून तीन अंक ठेवायचे, नाहीतर साखळी तुटते.

अपूर्णांकांना घाबरणाऱ्या वर्गाला एक दिवस घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे लिहून आणायला सांगावं. औट म्हणजे साडेतीन. औटकीत सात औटे साडेचोवीस. ‘औट घटकेचा राजा’ किती वेळ राज्य करतो, हेही मग काढता येतं: घटका २४ मिनिटांची, म्हणून ८४ मिनिटं. ज्या आजीला आपण अडाणी समजत होतो ती आठवडी बाजारात साडेतीन किलोचा भाव तोंडी का सांगते, याचा उलगडा होतो. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ते पाढे भागाकार टाळायची फार हुशार युक्ती होते.

बिघडतं कुठे?

बहुतेक वेळा साहित्यात नाही, घाईत बिघडतं. चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत मैदानाची मोजणी आणि भांडण दोन्ही बसत नाहीत. जोडतास घ्यावा किंवा दोन दिवसांत करावं, पहिल्या दिवशी अंदाज आणि मोजणी, दुसऱ्या दिवशी ‘का’. मधल्या रात्री घरी जो वाद होतो तो फुकटचा फायदा. ‘सर्वांत आधी कोण सांगतो’ हे वाक्य या तासाला बंद ठेवावं. जलद बोलणारी दोन-तीन लेकरं उत्तर ओरडली की उरलेली तीस विचार थांबवतात.

द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकासमोर तिसरी ते पाचवी एकत्र बसलेली असते. तिथे लहानांनी दाणे मोजावेत, मोठ्यांनी लंब घ्यावेत, आणि दोघांची प्रमाणं जुळतात का ते शेवटी फळ्यावर बघावं. ती जुळतातच; २०० ला १७१ आणि ९२.७५ ला ७९.५ एकच आहे.

आणि एक नाजूक जागा. गटाचं उत्तर ९१ आलं आणि पुस्तकाचं ९२.७५ असेल, तर लेकरं गुपचूप ९१ खोडून ९२.७५ लिहितात. वहीत खाडाखोड दिसली की समजावं, मोजणीवरचा विश्वास आपणच कमी केला. ९१ चालतं, दोन टक्क्यांच्या आत आहे. वाक्य असं लिहायला शिकवावं: ‘आमच्या मोजणीत ९१ आले, दोन चौरस फूट इकडे-तिकडे होऊ शकतात, कारण खुंटी हलत होती.’

हाच खेळ बाल आनंद मेळाव्यात किंवा बाजाराच्या दिवशी टेबलावर मांडला तर मोठी माणसं लेकरांपेक्षा जास्त वेळ थांबतात. टेबलावर फक्त पट्ट्यांची चौकट, सोयाबीन आणि एक प्रश्न ठेवावा. फलकावर सूत्र नको. समजावून सांगायला आठवीची दोन लेकरं बसवावीत, शिक्षकांनी जरा लांब उभं राहावं. तिथे कोणीतरी हमखास खिशातून सातबारा काढतो आणि आपल्या धुऱ्याचा वाद टेबलावर ठेवतो. त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७, त्यामुळे दोन्ही एकच धरले तर एकरामागे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. दुसरी गोष्ट, नुसते चार धुरे सांगून लेकरांकडून उत्तर घेऊ नका. दोनशे फुटांची दोरी आणि टेप घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक कर्ण मोजून आणा, मग लेकरं आकडा काढून देतील. तो आकडा घरच्या समजुतीसाठी आहे. शेजाऱ्याशी भांडायचं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो.